मारेहेमूच्या विटा

"पोले, दादा! पोले, पोले!"

विटांच्या ढिगाला ठेचकाळून मी आडवी झाले होते, आणि पिठाने भरलेले हात तसेच पुढे करून एक बाई अंगणातून धावत येत होती. माझ्या अंगठ्याचं नख उलटलं होतं. तिने मला दगडावर बसवलं, लोट्यातलं पाणी पायावर ओतलं आणि पुन्हा म्हणाली, "पोले साना, दादा."

दादा म्हणजे मीच. टांझानियातल्या किसिमानी नावाच्या त्या खेड्यात सगळी नाती उलटीपालटी होती. बहिणीला दादा, भावाला काका आणि आईला मामा. पहिल्या दिवशी गावच्या म्हाताऱ्या मुसा अध्यक्षांनी भर सभेत "ही आपली दादा" म्हणून माझी ओळख करून दिली, तेव्हा मला हसू आवरेना. विट्याला घरी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "लग्न लांबवलंस, त्याचं हे फळ. झालीस शेवटी दादा."

आणि पोले म्हणजे सॉरी, साना म्हणजे खूप. हे माझ्या खिशातल्या छोट्या शब्दकोशात लिहिलेलं होतं. आता ठेच मला लागली, बघून चालायचं काम माझं, तर त्या बाईने सॉरी कशाला म्हणावं? मी मराठीतच म्हटलं, "अहो बाई, तुम्ही कशाला माफी मागताय?" ती हसली. ती मामा बराका. माझ्या खोलीला लागून तिचं घर होतं, आणि पुढच्या दहा-अकरा महिन्यांत तिच्या चुलीपुढे बसून मी किती चहा प्याले असेन याला गणती नाही.

गावभर तेच. मी डोक्यावरून पाणी आणताना दिसले की पोले. शिंकले की पोले. उन्हातून आले, दमले, दप्तर जड आहे, पोले! मला वाटायचं, काय गरीब माणसं ही. दुसऱ्याला खोकला झाला तरी यांचीच माफी. विट्याच्या आमच्या वाचनालयात तर उशिरा पुस्तक आणणारा उलट आमच्यावरच डाफरतो.

मी त्या वाचनालयात ग्रंथपाल होते. एका संस्थेने आफ्रिकेतल्या खेड्यात वाचनालय उभं करायला वर्षभरासाठी माणूस हवा म्हणून विचारलं आणि मी एका पायावर तयार झाले. पुस्तकं संस्थेने दिली होती. बांधकाम गावाने करायचं होतं, विटा गावाने पाडायच्या होत्या. माझं काम होतं सगळ्यांच्या मागे लागण्याचं, आणि ते मला जन्मजात येतं.

भाषेचा प्रश्नच नव्हता, असं माझं मत. कारण अर्धी स्वाहिली मला घरबसल्या येत होती. चहाला चाय, दुकानाला दुका, किताबाला किताबू, हिशेबाला हेसाबू, साबणाला साबुनी, सरकारला सेरिकाली. लेकिनला लाकिनी! रोज एक नवा शब्द सापडायचा आणि मी तो एलिया मास्तरांना नाचून दाखवायची. एलिया गावच्या शाळेत शिकवत. इंग्रजी बोलणारे तेवढे एकच. ते हसून म्हणायचे, "दादा, तुम्ही आमच्यातल्याच आहात, फक्त हे तुम्हाला उशिरा कळलं." मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, पण ते सांगणार कोण?

ऑक्टोबरात संस्थेचे पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. शनिवारी उद्घाटन. तीन भिंती पुऱ्या झाल्या होत्या, चौथी कंबरेपर्यंत आली होती, आणि त्याच वेळी शेवटची भट्टी फसली. लाकडं ओली निघाली, विटा कच्च्या राहिल्या, हातात घेतली की वीट भुसभुशीत. नव्या पाडून, वाळवून, भाजायला वेळ कुठला? विट्याची मुलगी विटांपायी अडली. हा विनोद मी स्वतःवर केला आणि मलाच हसू आलं नाही.

एलिया परीक्षेचे पेपर तपासायला डोडोमाला गेले होते. मामा बराकाही भावाच्या गावी गेली होती. मी मुसा अध्यक्षांना घेऊन गावभर हिंडले. आणि हिंडता हिंडता माझ्याच दाराशी आले, तर समोर तो ढीग. ज्याला मी पहिल्या दिवशी ठेचकाळले होते तोच. पक्क्या भाजलेल्या, लालबुंद, एकसारख्या विटा, वर गवताचं छप्पर शाकारलेलं. कोंबड्या त्यात अंडी घालत. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"या विटा कुणाच्या?" मी विचारलं.

मुसा अध्यक्षांनी टोपी काढली. "या मारेहेमू," ते म्हणाले. मारेहेमूच्या.

"मारेहेमू कुठे असतो?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि गावाबाहेरच्या उताराकडे हात केला. "तिकडे."

मी पाहिलं. उतारावर झुडपं होती, एक बकरी होती. माणूस काही दिसला नाही.

"परत कधी येणार?"

"हातारुदी," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. येणार नाही परत.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडची पोरं मुंबईला जातात, तसा हा मारेहेमू दार-ए-सलामला गेला असणार. तिकडेच रमला, आता येत नाही, आणि विटा इथे कोंबड्यांच्या कामी आल्या. मग गावाच्या कामाला का नकोत? उलट त्याचं नाव होईल. हे सगळं मी हातवारे करून, मोडक्या भाषेत आणि भरपूर उत्साहाने सांगितलं. मारेहेमूचे आपण मोठे आभार मानू, म्हटलं.

अध्यक्ष टोपी हातात फिरवत उभे होते. "लाकिनी मामा बराका..." ते म्हणाले. पुढे बरंच काही बोलले. ते मला कळलं नाही. लाकिनी तेवढं कळलं. अर्थ माहीत असलेला तो एकच शब्द त्या वाक्यात होता, आणि मी नेमकी त्याच्यावरून उडी मारून पुढे गेले.

"मामा बराकाशी मी बोलते," मी म्हटलं. "ती माझी मैत्रीण आहे. ती नाही म्हणायची नाही."

गावाबाहेरून आलेल्या, पाहुण्यांना तोंड द्यायला निघालेल्या बाईला म्हातारा किती अडवणार? त्याने टोपी घातली. दुपारपर्यंत विटा हलल्या, आणि गुरुवारी भिंत छतापर्यंत गेली.

मामा बराका परत आली ती बुधवारी, भिंतीचं काम चालू असतानाच. भावाच्या सायकलवर सिमेंटचं पोतं बांधलेलं होतं. विटांच्या जागी आता नुसता चौकोनी फिकट तुकडा उरला होता, गवत नसलेला. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग भावाने पोतं त्या जागेवर उतरवलं.

मी धावत गेले, तिचा हात धरला आणि तिला भिंत दाखवायला नेलं. "छान?"

"छान," ती म्हणाली. तिने एका विटेवर तळहात ठेवला. गवंड्याने काम थांबवून मान खाली घातली. मला वाटलं, उन्हाने दमला.

"सिमेंट कशाला? घर नीट करतेस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बघू आता," ती म्हणाली. "चल, चहा घे."

त्या दिवशी चहा, दुसऱ्या दिवशी चहा, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तर सकाळ-संध्याकाळ. ती मला बोलावून बसवायची आणि गप्प राहायची. मीच बोलायची. फळ्या आल्या का, रंग कुठला द्यायचा, पाहुण्यांना जेवायला काय. बोलून बोलून माझं तोंड दुखलं, पण विटांचं नाव काही निघालं नाही. मला त्याची आठवणच उरली नव्हती. मारेहेमूचं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

ठरवलं होतं ते असं, की सत्कार करायचा. शाल-श्रीफळाशिवाय उद्घाटन कसलं? शालीच्या ऐवजी तिथल्या बायका गुंडाळतात ते रंगीत कापड, खांगा. नारळ डोडोमाच्या बाजारातून मागवले. गवंड्याचा सत्कार, अध्यक्षांचा, एलिया मास्तरांचा, आणि विटा देणाऱ्याचा. तो स्वतः नसला तरी त्याच्या घरचं कुणीतरी येईल की पुढे.

शनिवारी सारं गाव जमलं. एलिया त्याच सकाळी पाहुण्यांच्या गाडीतून उतरले आणि लगेच पाहुण्यांशेजारी बसून इंग्रजी करू लागले. मी स्वाहिलीत बोलले. पाठ केलं होतं. गवंडी आला, टाळ्या. अध्यक्ष आले, टाळ्या. एलिया आले, फार टाळ्या. मग मी खांगा उलगडून हातावर घेतला, आवाज चढवला आणि म्हणाले, "आणि आता, ज्याने आपल्याला या सुंदर विटा दिल्या तो, मारेहेमू! मारेहेमू, कारिबू!"

कारिबू म्हणजे या, जवळ या.

कुणी टाळी वाजवली नाही. मागे एक मूल खुदकन हसलं आणि त्याला लगेच चापट बसल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. "मारेहेमू, कारिबू!" मी पुन्हा म्हणाले. आणि आमच्याकडे सभेत म्हणतात तसं, "लाजायचं काय त्यात?"

एलिया खुर्चीतून उठले होते. पण त्याआधी बायकांच्या रांगेतून मामा बराका उठली. तिने अंगावरचं कापड सारखं केलं आणि सावकाश चालत माझ्यापुढे आली. वाटेतल्या बायकांनी पाय आखडून घेतले. मी तिच्या खांद्यावर खांगा घातला, हातात नारळ दिला आणि हळूच विचारलं, "मारेहेमू तुझा कोण?"

"म्वानांगू," ती म्हणाली. माझं लेकरू.

हा शब्द मला येत होता. मला वाटलं, अरेच्चा, म्हणजे ज्याच्या नावाने हिला हाक मारतात त्या बराकाखेरीज हिला आणखी एक मुलगा आहे तर! आणि मी टाळ्या वाजवल्या. मी एकटीनेच सुरू केल्या, मग पाहुण्यांनी वाजवल्या. त्यांच्यातल्या एकाने फोटो काढला. त्यात मी दात काढून हसते आहे.

पाहुणे जेवायला बसल्यावर एलिया मला नव्या भिंतीमागे घेऊन गेले.

"दादा, मारेहेमू हे कुणाचं नाव नाही."

"मग?"

"वारलेल्या माणसाला म्हणतात. कैलासवासी म्हणावं तसं. आम्ही गेलेल्याचं नाव चटकन घेत नाही." एलियांना हे बोलताना त्रास होत होता. "त्या विटा बराकाच्या. त्याने स्वतः पाडल्या, स्वतः भाजल्या. लग्न ठरलं होतं, घर बांधायचं होतं. गेल्या वर्षी तापाने गेला."

किताब, दुकान, हिशेब शोधून काढणाऱ्या मला मरहूम हा शब्द सापडला नव्हता.

"तिकडे उतारावर आहे तो," एलिया म्हणाले. "मागच्या पावसात कबर खचली. यंदाच्या पावसाआधी त्याच्याच विटांनी ती बांधायची म्हणून मामा सिमेंट मागायला भावाकडे गेली होती."

मी भिंतीला टेकले होते, ती एकदम सरळ झाले.

"मग ती बोलली का नाही? रोज मी तिच्याकडे चहा पीत होते!"

"तिने अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, दादा स्वतः तुझ्याशी बोलणार आहे, तिने शब्द दिलाय. म्हणून ती थांबली." एलिया म्हणाले, "मला आत्ताच तिने विचारलं, दादा अजून काही बोलली नाही, इंडियात असं उशिरा बोलतात का?"

आमच्या गल्लीत माझ्या आईला कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे सुनूची आई म्हणतात. ती सुनू म्हणजे मी, सुनेत्रा. बराकाची आई म्हणजे कुणीतरी बराका असणार, एवढं कळायला कुठलीही भाषा लागत नव्हती. इतके महिने मी त्या बाईच्या हातचा चहा प्याले, पुस्तकं, फळ्या, विट्याचं आमचं घर, सगळं तिला सांगितलं, आणि बराका कुठे असतो हे एकदाही विचारलं नाही. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मी भिंतीमागे उभ्याउभ्या अनुभवलं. त्यातही भिंत त्याच विटांची.

पाहुणे गेल्यावर मी तिच्याकडे गेले. ती चुलीपुढे बसली होती. खांगा घडी करून सिमेंटच्या पोत्यावर ठेवलेला, त्यावर नारळ. मी तिच्यासमोर खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि मला येत होती तेवढी माफी मागितली.

"पोले, मामा बराका. पोले साना. पोले साना." मी रडत होते. पुनःपुन्हा तेच म्हणत होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. आणखी काहीतरी येईल म्हणून वाट पाहावी तसं पाहिलं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "आसांते, दादा." आभार.

"मी दुसऱ्या विटा पाडून घेईन," मी म्हटलं. "अध्यक्षांना सांगून जाते. पावसाच्या आत."

"त्या त्याने पाडलेल्या होत्या," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

पण मला आसांते ऐकू आलं होतं. माफी मागितली, समोरच्याने आभार मानले, म्हणजे मिटलं. किती मोठ्या मनाची बाई, मी स्वतःशी म्हणाले. चहा प्याले. त्या दिवशी मला गाढ झोप लागली, हे सांगायची आजही लाज वाटते, पण लागली.

माझं वर्ष संपत आलं होतं. संस्थेने मला दुसऱ्या दिवशीच्या बसने डोडोमाला बोलावलं होतं. तिथून पुढे विमान. बसपाशी सारे आले. मामा बराका शेंगदाण्यांची पुरचुंडी घेऊन आली. मी तिला मिठी मारली आणि घाईने बसमध्ये शिरताना दाराच्या वरच्या पट्टीवर डोकं असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"पोले, दादा!" खालून मामा बराका ओरडली. "पोले साना!"

मी कपाळ चोळत खिडकीपाशी बसले आणि खाली उभ्या एलियांना म्हटलं, "बघा मास्तर, काल मी हिची माफी मागितली, तरी आज पुन्हा हीच माझी मागतेय. हिचं काय चुकलं? तुम्ही लोक ऊठसूट माफी मागता."

"माफी?" एलिया गोंधळले. "माफी कुठे मागितली तिने?"

"पोले म्हणाली की."

"पोले म्हणजे माफी नव्हे, दादा." ते हसले, मला शब्दांची गंमत दाखवतात तसेच. "ज्याला लागलं, ज्याच्यावर वेळ आली, त्याला म्हणतात पोले. अरेरे, तुला फार सोसावं लागलं, असं. रस्त्याने जाणारा माणूससुद्धा म्हणतो. कुणाच्या घरी माणूस गेलं की सगळा गाव येऊन म्हणतो. ज्याचं स्वतःचं चुकलं तो पोले नाही म्हणत. तो म्हणतो, निसामेहे. मला क्षमा कर."

ड्रायव्हरने बस सुरू केली. सगळी खिडकी थरथरायला लागली.

"का? काल काय म्हणालात तुम्ही तिला?" एलियांनी आवाज चढवून विचारलं.

काल मी तिच्यापुढे बसून, तिचे हात धरून, रडून रडून सांगितलं होतं की अरेरे, बिचारे, तुझ्या मुलाच्या विटा कुणीतरी नेल्या. आणि समाचाराला आलेल्या बाईला म्हणतात तसं तिने मला आसांते म्हटलं होतं. वर चहा केला होता.

ती खिडकीखालीच उभी होती. तोच खांगा अंगावर घेतलेला, मी दिलेला. एक हात वर केलेला. मी उठून उभी राहिले. शब्द सोपा होता. चार अक्षरं. खिडकीतूनसुद्धा म्हणता आला असता. पण खिडकीतून म्हणायचा तो शब्द नव्हता. त्यासाठी खाली उतरायला हवं होतं, साऱ्या गावादेखत, आणि मग तिथेच राहायला हवं होतं. भिंतीत त्याच्या विटा होत्या, उतारावर खचलेली कबर होती, पाऊस यायचा होता. मला घरी जायचं होतं.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ब्रेकवर पाय ठेवून त्याने विचारलं, "दादा, उतरायचंय?"

"हापाना," मी म्हटलं. नाही.

हा शब्द मला पहिल्या दिवसापासून बिनचूक येत होता.